भिमाजीचा वीर

आमच्या देवघरात दीड इंच उंचीचा एक पुरुष आहे. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेला, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. वर्षभर तो खंडोबाच्या नि भवानीच्या टाकांशेजारी निमूट बसून असतो. धुळवडीला मात्र त्याचा रुबाब बघावा. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष नवं धोतर, फेटा नि गळ्यात साखरेच्या गाठी घालतो, खोबऱ्याच्या वाटीत त्याला बसवतो आणि होळीभोवती नाचतो. हलगी तापत जाते आणि कधीतरी तो नाचणाऱ्याच्या अंगात येतो. आमच्याकडे त्याला वीर म्हणतात. घरातला कुणी लढाईत पडला की त्याचा टाक करायचा, देवघरात जागा द्यायची, आणि वर्षातून एक दिवस त्याला आपलं अंग द्यायचं.

बावन्न वर्षं हे अंग माझ्या वडिलांचं होतं. त्यांचं नाव दादाभाऊ, आम्ही सगळे आण्णा म्हणतो. खोडदच्या अलीकडे आमची वस्ती आहे. घरामागे कांदा नि द्राक्षं, त्यापलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. एरवी आण्णा चारचौघांसारखे, बाजारभावावर कुरकुरणारे. धुळवडीला मात्र ते दारातून निघाले की गाव बाजूला सरकायचं. मी लहान असताना त्या दिवशी त्यांना हात लावायला भ्यायचे. ते माझे वडील नसायचे, भिमाजी असायचे.

यंदा आण्णा एक्याऐंशीचे झाले. दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यांनी वीर माझ्या भावाच्या मुलाच्या, सूरजच्या, हवाली करायचं ठरवलं. तो चाकणला कंपनीत आहे, सुट्टी काढून आला. आमच्या घरची रीत अशी की रथसप्तमीला देवघरासमोर बसून जुन्यानं नव्याच्या कानात वीराचं नाव नि तो कसा पडला ते सांगायचं.

"भिमाजी," आण्णा म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे कानातलं सगळ्या घराला ऐकू गेलं. "लढाईत पडला."

"कुठल्या लढाईत, आजोबा?"

"पानपतच्या."

मला हसू आवरलं नाही. तीस वर्षं नारायणगावच्या शाळेत इतिहास शिकवून मी नुकतीच रिटायर झाले होते, आणि जिभेला अजून शाळेचीच सवय होती. म्हटलं, "आण्णा, ज्याला त्याला आपला माणूस पानपतावरच पाठवायचा असतो. सगळ्यांचे गेले असते तर लढाई जिंकलो नसतो का आपण?"

सूरज फिस्सकन हसला. आण्णांनी टाक ताटात ठेवला नि माझ्याकडे बघितलं. रागावले की त्यांच्या नाकपुड्या फुलतात, माझ्याही फुलतात.

"हस तू. मास्तरीन ना तू? मंग काढ हुडकून. पोराच्या कानात खोटं जायला नगं. धुळवडीच्या आत सांग मला, कुठं पडला ते."

झक मारली नि हसले, असं झालं. पण खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. रिकामपणाला मी कंटाळले होते आणि माझ्या रिकामपणाला घर.

पहिल्यांदा नाशिकला गेले. तिथे गोदावरीकाठी आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये आहेत. घरातलं कुणी तिथे गेलं की ते लांबलचक वहीत नावं लिहून घेतात, त्यांचे बाप लिहीत, त्यांचे आजे लिहीत. गुरुजींचा मुलगा मोडी वाचायचा. त्यानं लाल फडक्यातून एक वही काढली, शके अठराशे त्रेचाळीसचं पान उघडलं. म्हणजे इसवी सन एकोणीसशे एकवीस. तो वाचत गेला नि मी लिहीत गेले. गेणभाऊ, म्हणजे माझे पणजोबा, आईच्या अस्थी घेऊन आले होते. पुढे लिहिलं होतं: ज्येष्ठ बंधू भिमाजी, सरकारी लढाईस बसऱ्याकडे गेला, बेपत्ता. वीर बसविला. आणि त्याखाली: भार्या अंबाबाई, पूर्वीची भिमाजीची, म्होतुराने.

म्होतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. अंबाबाई माझी पणजी. तिच्या कपाळावरच्या गोंदणाबद्दल मी ऐकलं होतं, तिच्या हातच्या मासवड्यांबद्दल ऐकलं होतं, पण ती आधी थोरल्या भावाची बायको होती हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि 'बेपत्ता' हा एकच शब्द घोळवत राहिले. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, हे मी कितीतरी पोरांच्या पेपरात तांबड्या शाईनं लिहिलं असेल.

बसरा, म्हणजे पहिलं महायुद्ध. हा धडा मी तीस वर्षं शिकवला. पाच मार्कांना असायचा, कारणे नि परिणाम. भारतीय सैनिकांचं त्यात एक वाक्य होतं, आणि मी ते घाईत उरकायचे कारण पुढे रशियन क्रांती संपवायची असायची. त्या एका वाक्यात आमच्या घरचा माणूस उभा होता. हे कळल्यावर मला माझीच लाज वाटली.

माझा एक जुना विद्यार्थी फौजेतून निवृत्त होऊन पुण्याला असतो. त्यानं ओळखी काढल्या, आणि आठ दिवसांनी माझ्या हातात एका कागदाची झेरॉक्स आली. भिमाजी, भरतीच्या वेळी वय एकवीस, साल चौदा. म्हणजे तो चार वर्षांचा असताना जिल्ह्यात प्लेग आला, सहा-सात वर्षांचा असताना मोठा दुष्काळ पडला, आणि या दोन्हींतून वाचून तो आगबोटीत बसला. इराकातल्या कुत गावाला तुर्कांचा वेढा पडला तेव्हा तो आत होता. एकशे सत्तेचाळीस दिवस. शेवटी घोडी, खेचरं कापून खाल्ली लोकांनी. मग शरणागती, मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट, रेल्वेच्या रुळांवर मजुरी. उजव्या पायाची दोन बोटं गेली. हे सगळं मी पूर्वी पुस्तकात वाचलेलं होतं, पण आता ते दोन बोटं नसलेल्या पायानं वाचत होते.

आणि मग शेवटच्या दोन ओळी. फेब्रुवारी एकोणीसमध्ये सुटका, घरी रवाना. पेन्शन घोडेगावच्या कचेरीतून, मुक्काम आंबेगाव, साल चोपन्नपर्यंत.

मी त्या ओळी पाच-सहा वेळा वाचल्या. आमचा वीर लढाईत पडलाच नव्हता. तो परत आला होता, आणि इथून पायी दीड दिवसाच्या अंतरावर पस्तीस वर्षं जगला होता.

त्या दिवसांत मी धड कुठेच नव्हते. भाकरी थापताना तवा करपायचा. दुपारी डोळा लागला की तो दिसायचा. एकदा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला दिसला, फेटा मांडीवर, पाय बाकाखाली लपवलेले. मी फळ्यावर सनावळी लिहीत होते. तो म्हणाला, "बाई, जरा हळू पुसा, माझं उतरून व्हायचंय." मी डस्टर खाली ठेवला. मग वर्गात ऊन शिरलं, बाकं कुठे गेली कळेना, आणि तो उसाच्या शेतातून लंगडत चाललेला दिसला. मी हाका मारत होते, पण हाक काय मारायची तेच सुचत नव्हतं. बाबा म्हणू, की नुसतं भिमाजी म्हणू? जागी झाले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

आण्णांना काहीच सांगितलं नाही. आधी आंबेगाव गाठायचं ठरवलं. आता आंबेगाव म्हणजे काय, तर पाणी. जुनं गाव डिंभे धरणाखाली गेलं त्याला कैक वर्षं झाली. मी नारायणगावहून जीप, घोडेगावहून दुसरी जीप करत धरणाच्या काठी पोचले तेव्हा सकाळचं धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. पलीकडचे डोंगर अर्धेच दिसत होते. पाणी इतकं स्थिर होतं की खाली घरं असतील, त्यांच्या पडव्यांत कुणी बसलं असेल, असंच वाटत राहिलं. त्यातल्या एका पडवीत तो पस्तीस वर्षं बसला होता आणि मी एका कागदाच्या जोरावर त्याला भेटायला आले होते.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा होता. त्याला विचारलं, जुन्या आंबेगावात भिमाजी म्हणून कुणी लढाईवाला होता का.

"बसरेवाला भिमा व्हय?" तो म्हणाला, जणू कालच भेटलाय. "त्यो लंगडा? त्याची लेक हाय की अजून. कुशाबाई. वर वस्तीला जावा, शेवटचं घर."



कुशाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. अठ्ठ्याऐंशीची बाई, पण सूप असं चालवत होती की माझीच मान खाली गेली. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, कागद दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेऊन बराच वेळ धरला. मग सूप बाजूला ठेवलं.

"खोडदकडची का तुमी?" ती म्हणाली. "बानं गावाचं नाव मला मरताना सांगितलं. आधी कधीच न्हाई. मला वाटायचं, बा आभाळातनं पडलाय. सगळ्या पोरींना चुलता व्हता, आत्या व्हती. माझ्या लग्नात आईकडचं समदं गाव, नि बापाकडनं कुणी न्हाई. अक्षता टाकाया एक मानूस न्हाई."

मी विचारलं, तो गावी का राहिला नाही.

 तिनं आत जाऊन पाणी आणलं, गुळाचा खडा आणला. मग भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून सांगू लागली. तिच्या बापानं तिला जसं सांगितलं होतं, शब्दाला शब्द ठेवून.

"बा म्हणला, म्या येशीपाशी आलो त्यो धुळवडीचा दिस व्हता. लांबनंच हलगी ऐकली नि पाय आपसूक पळाया लागलं. येशीवर एक गाठीवाला बसला व्हता, बाहेरगावचा. गर्दी बघून म्या इचारलं, कुणाचा वीर निघालाय, पावणं? त्यो म्हणला, भिमाजीचा. बसऱ्याकडं मेला म्हणं, दोन वर्सं कागद न्हाई, मंग गेल्या धुळवडीला धाकल्या भावाच्या अंगात आला नि म्हणला, मी भिमाजी, मला जागा द्या. मंग टाक केला त्यांनी."

 ही गोष्ट आमच्या घरात मी शंभरदा ऐकली होती. पणजोबांच्या अंगात वीर आला नि म्हणाला, मला जागा द्या. पण आम्ही ती पानपतच्या भुताची गोष्ट म्हणून ऐकली होती. पत्र नाही, काही कळत नाही, सारं घर झुरतंय, आणि धाकटा भाऊ हलगीच्या नादात थरथरत ओरडतो की मी भिमाजी. कुणी म्हणालं नाही की अरे, तो जिवंत असेल. अंगात येतो तो मेलेलाच, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मग पुढचं सगळं रीतीनं झालं. टाक झाला, आणि अंबाबाईचा म्होतूर लागला.

"मंग बाला आई दिसली. म्हंजी माझी न्हवं, पहिली. अंबाबाई. हातात आरतीचं ताट, कपाळाला कुंकू. धाकल्या भावाला ओवाळत व्हती. पोटुशी व्हती. बा म्हणला, कुशे, म्या चार पावलं पुढं टाकली असती, तर त्या कुंकवाचं काय केलं असतं गावानं? तिथंच उभा राहून म्या हात जोडलं, नि माघारी फिरलो."

"कुणाला हात जोडले?"

"सवताच्या वीराला. लोक जोडत व्हते, न्हाई जोडले तर दिसून आला असता ना."

मला रडू फुटलं. अंबाबाईच्या पोटात तेव्हा माझे आजोबा होते. तो पुढे आला असता, तर त्यांना नाव कुणाचं लावायचं यावर पंचायत बसली असती. मी परक्या अंगणात बसून, एका परक्या म्हातारीच्या लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले. तिनंही पुसू दिले.

निघताना तिनं माझा हात धरला. "मला कायबी नगं. जमीन नगं, नाव नगं. बापाचं घर एकदा बघायचंय. त्याच्या उंबऱ्यावर उभं राहायचंय. ह्या धुळवडीला न्हेशील का गं मला? पुढली मला दिसंल का न्हाई, देवाला ठावं."

मी बेधडक हो म्हणाले. जिभेला हाड नसतं तेच खरं.

आण्णा ओट्यावर बसून कांद्याच्या पाती निवडत होते, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. नाशिकची वही, पुण्याचा कागद, आंबेगाव. म्होतुराचंही सांगितलं. त्यांचे हात चालतच होते. वेशीपर्यंत आलेल्या भिमाजीपाशी मी पोचले तेव्हा मात्र ते थांबले.

"जित्ता व्हता?"

"चोपन्नपर्यंत."

"मंग माझ्या बापाच्या अंगात, आज्याच्या अंगात कोण येत व्हतं? आं? जित्त्या मानसाला नाचवला आमी?" आवाज चढला, पातींची टोपली लवंडली. "नि चोपन्ननंतर तरी त्यो कशाला यील हितं? बावन्न वर्सं गावातल्या बाया पाया पडल्या माझ्या. लेकरं घातली माझ्या पायावर. ते समदं खोटं? म्या सोंग केलं?"

"तसं कोण म्हणतंय, आण्णा?"

"तू म्हणत्यास! नि वर त्या बाईला हितं आणायचं म्हणत्यास. वीराच्या दारात वीराची लेक, जित्ती, नव्वदीची. अख्खं खोडद हसंल. न्हाई यायची ती. हे माझ्या घरात चालायचं न्हाई."

मीही ताडकन बोलले. म्हणाले की घर तुमचं नाही, भिमाजीचं आहे, त्यानं सोडलं म्हणून आपण इथे आहोत. बोलून गेल्यावर कळलं, जास्त झालं. आण्णा उठून मळ्यात गेले. पुढचे बारा दिवस ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. मी जेवायला वाढलं तर ताट सरकवून सूरजच्या आईला हाक मारायचे. मला राग यायचा, आणि रागापेक्षा दया जास्त यायची. माझा तर एक धडा चुकला होता. त्यांचे बावन्न वर्षांचे दिवस कुणीतरी काढून घेतले होते, आणि ते कुणीतरी म्हणजे मी होते.

होळीच्या दिवशी सकाळी मी अंगणात गोवऱ्यांची हारी लावत होते. आण्णा काठी टेकत आले, माझ्यापासून हातभर अंतरावर दगडावर बसले. समोरच्या तबकड्यांकडे बघत, जणू त्यांनाच विचारताहेत, म्हणाले, "धुळवडीला काय करायचा त्यो तिकडं?"

हे त्यांना सांगायचं राहिलं होतं. त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं.

"जेवायचा नाही. कुशाबाई म्हणते, सकाळपासून खाचरांच्या बांधावर जाऊन बसायचा, एकटाच, इकडे उगवतीकडे तोंड करून. दुपार कलली की त्याचं अंग थरथरायला लागायचं. कधी कधी उठून नाचायचा, त्या तुटक्या पायानं, हलगी नाही नि काही नाही. तिची आई पोरांना घरात घ्यायची. संध्याकाळी घामानं निथळत घरी यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, 'तिकडं भाऊ बोलावतो. जावं लागतं.'"

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. 

"बोलावतो, म्हणायचा?"

"हो."

 रस्त्यावरून टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो खडखडत गेला. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"आण तिला. नि सूरजला सांग, पुढल्या साली नाच. ह्या साली मीच."

धुळवडीला सूरज पहाटेच गाडी घेऊन गेला आणि दुपारी कुशाबाईला घेऊन आला. तिनं हिरवं इरकल नेसलं होतं, ठेवणीतलं असावं, घड्या मोडल्या नव्हत्या. तिला घरात नेऊ लागले तर ती थांबली. म्हणाली, आधी वीर. म्हणून आम्ही तिला होळीपाशी खुर्ची टाकून बसवलं. गावाला बातमी लागलेली होतीच. एरवीपेक्षा दुप्पट माणसं जमली होती, आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होती.

आण्णा निघाले. पांढरं धोतर, भगवा फेटा, गळ्यात गाठी, दोन्ही हातांत लाल फडक्यानं झाकलेली खोबऱ्याची वाटी. सूरज कोपराला धरून चालला होता. हलगी सुरू झाली. पहिला फेरा त्यांनी पाय ओढत काढला. दुसऱ्या फेऱ्याला सूरजचा हात सोडला. राखेचा धूर सरळ वर चालला होता, उन्हं कलली होती, आणि त्या धुरातून ते फिरत असताना मला पुन्हा त्या दुपारच्या झोपेत असल्यासारखं झालं. कुठे माझे वडील संपतात नि कुठे तो लंगडा शिपाई सुरू होतो, मला दिसेना. मी मनातल्या मनात म्हणत होते, ये बाबा, आज तरी ये, आज तुझी लेक बसलीय.

तिसरा फेरा झाला. या फेऱ्यानंतर घरातल्या थोरल्या बाईनं ताट घेऊन पुढे व्हायचं आणि विचारायचं, बाबा, आलास का? आणि वीरानं गर्जून म्हणायचं, आलो. मग गावानं पाया पडायचं. बावन्न वर्षांत एकदाही हे चुकलं नव्हतं. आण्णांनी 'आलो' म्हणून हात वर केला की लहान पोरं घाबरून आयांना बिलगायची.

ताट मी कुशाबाईच्या हातात दिलं. ती खुर्चीतून उठली, माझ्या खांद्याचा आधार घेत पुढे गेली. ताटातली ज्योत हलत होती. तिनं ओवाळलं, आण्णांच्या डोळ्यांत बघितलं.

"बा," ती म्हणाली, "आलास का?"

हलगीवाल्यानं टिपरं वर धरलं. मी आण्णांच्या हातांकडे बघितलं. ते हलत नव्हते. खांदा नाही, मान नाही, काहीच थरथरत नव्हतं. एक शब्द बोलले असते तर सगळं पार पडलं असतं. म्हातारीचं मन राहिलं असतं, गावाचं तोंड बंद झालं असतं, आणि त्यांची बावन्न वर्षं त्यांच्यापाशी राहिली असती. मला ते बोलायला हवे होते. हे मी कबूल करते.

"न्हाई," आण्णा म्हणाले.

कुणीतरी मागे 'आँ?' म्हणालं.

"त्यो न्हाई आला, आत्या." आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आज म्या लई बोलावलं. न्हाई आला. हितं मी एकलाच हाय. दादाभाऊ. तुमच्या चुलत भावाचा ल्योक."

वीर कुणापुढे वाकत नाही. त्या दिवशी तो आपल्या आईपुढेही वाकत नाही. आण्णा वाकले, ते गुडघे घेऊन, सूरज पुढे धावेपर्यंत कुशाबाईच्या पायापाशी पोचले. तिनं ताट माझ्याकडे दिलं नि त्यांना दोन्ही हातांनी उठवलं. मग आण्णांनी वाटीवरचं लाल फडकं काढलं आणि वाटी तिच्या ओंजळीत ठेवली.

"ह्यो तुमचा बाप. आमी सांभाळला, आमाला जमंल तसा. चुकलं असंल तर पोटात घाला."

कुशाबाईनं टाक अगदी डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यानं त्याच्यावरचा गुलाल पुसला. घोडा बघितला, तलवार बघितली. तिच्या तोंडावर हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी, लाज न धरता. गावातल्या बाया पुढे आल्या, पण कुणी तिला धरलं नाही. आण्णांनीच तिच्या पाठीवर हात ठेवला.

हलगी पुन्हा वाजली नाही. आण्णा तिच्या कोपराला धरून घराकडे चालू लागले, दोघंही हळूहळू, आणि आम्ही सगळे मागे. कुशाबाईनं वाटी छातीशी धरली होती. दारापाशी आल्यावर ती उंबऱ्याच्या अलीकडे उभी राहिली आणि चौकटीकडे वर बघू लागली. आण्णांनी मागे वळून मला हाक मारली, बारा दिवसांनंतर पहिल्यांदा नावानं.

"प्रतिभा, भाकरतुकडा आण गं ओवाळायला, नि पायावर घालाया पाणी आण. आत्या म्हायेराला आल्यात."